सिंधू खोटं का बोलली?

इंदापूरहून बारामतीला येणारी दुपारची एसटी. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात, त्यामुळे पुढे उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे रखडत आमची गाडी. निमगाव केतकी मागे पडायलाच अर्धा तास गेला. मांडीवर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. प्रश्न सोपा, दरवर्षीचाच : ‘एकच प्याला’ या नाटकातील सिंधूचे स्वभावचित्रण करा. गुण दहा.

पहिला पेपर उघडला. ‘सिंधू ही आदर्श भारतीय पत्नी आहे. ती सोशिक, त्यागी व पतिव्रता आहे.’ दुसरा उघडला. ‘सिंधू ही आदर्श भारतीय पत्नी आहे...’ जंक्शन येईपर्यंत सतरा पेपर झाले आणि सतरा वेळा ‘सोशिक’ वाचून झालं. काहींनी तो शब्द ‘शोसिक’ लिहिला होता, एवढाच काय तो वेगळेपणा!

आधी गाईडवाल्यांचा राग आला. मग लक्षात आलं, हे वाक्य गाईडातलं नव्हतंच. ते माझं होतं. मीच वर्गात सांगितलेल्या नोट्समधलं. आणि मला ते माझ्या सरांनी सांगितलं होतं. त्यांना त्यांच्या सरांनी सांगितलं असणार. सिंधू म्हणजे सोशिक. पुढचं पान उलटा.

ही गोष्ट २००७ सालची. आता मी निवृत्त झाले. पण त्या एसटीतला तो गठ्ठा अजून मांडीवरून उतरलेला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींनी ‘एकच प्याला’चं नाव ऐकलं असेल. काहींनी कॉलेजात वाचलंही असेल. तरी थोडक्यात सांगते. राम गणेश गडकरींचं हे नाटक. जानेवारी १९१९ मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गडकरी गेले आणि फेब्रुवारीत बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं नाटकाचा पहिला प्रयोग केला. म्हणजे ज्या नाटकानं पुढे महाराष्ट्राला वेड लावलं, ते त्यांनी स्वतः रंगभूमीवर पाहिलंच नाही.

सुधाकर हा गरिबीतून वर आलेला हुशार, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते. त्याचा कारकून तळीराम म्हणतो, दुःख विसरायला एकच प्याला घ्या. तो एकच प्याला पुढे थांबतच नाही. सिंधू ही त्याची बायको, श्रीमंत माहेरची लेक. घर धुऊन निघतं, तशी ती लोकांची दळणं दळून पोट भरते. भाऊ पद्माकर न्यायला येतो, ती जात नाही. शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून तान्हं बाळ मरतं, सिंधूही मरणाच्या दारात पोचते. फौजदार येतो. आणि सिंधू मरता मरता नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते.

बालगंधर्वांनी ही सिंधू केली. फाटक्या लुगड्यात जात्यापाशी बसलेल्या सिंधूला पाहून थिएटरातल्या बायका पदरानं डोळे पुसत. मी स्वतः लहानपणी आजीकडून ही वर्णनं ऐकली आहेत. आजी सांगताना सुद्धा रडायची.

तर, त्या परीक्षेच्या महिनाभर आधी मी हाच शेवटचा प्रवेश वर्गात शिकवत होते. अगदी रंगात आले होते. खरं सांगायचं तर माझाही गळा दाटून आला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. खेड्यातून एसटीनं येणारी, हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणण्यापलीकडे तोंड न उघडणारी.

‘‘मॅडम, ती फौजदाराला खोटं का बोलली? तिचं बाळ मेलंय ना?’’

दोन-चार पोरं हसली. मी म्हटलं, ‘‘अगं, पतिव्रता आहे ती. मरतानाही नवऱ्याचंच हित बघते. तोच तर तिचा मोठेपणा.’’

ती बसली नाही. म्हणाली, ‘‘माझी मावशी पण असंच म्हणाली होती मॅडम. स्टोव्हचा भडका उडाला म्हणाली. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं काय झालंय ते.’’

वर्ग एकदम गप्प झाला. हसणारी पोरंही गप्प झाली. तास संपायला दहा मिनिटं होती, पोर्शन राहिला होता. आणि खरं म्हणजे मी घाबरले होते. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, ‘‘बरं, बस खाली. परीक्षेत असलं काही लिहू नकोस हं.’’

ती बसली.

आणि एसटीत, लासुर्ण्याच्या आसपास, तिचा पेपर माझ्या हाती आला. सुवाच्य अक्षर, समास पाडलेला. ‘सिंधू ही आदर्श भारतीय पत्नी आहे. ती सोशिक, त्यागी व पतिव्रता आहे. मरतानाही ती पतीचेच हित पाहते, हा तिचा मोठेपणा होय.’

तिनं माझं ऐकलं होतं. अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. मी दहापैकी आठ मार्क दिले.

त्या दिवशी भवानीनगरपासून बारामतीच्या स्टँडपर्यंत मी एकही पेपर तपासू शकले नाही. आपण शिकवतो काय? आपल्याला वाटतं, आपण एका जुन्या नाटकातलं एक पात्र शिकवतोय. समोर बसलेली मुलगी मात्र शिकत असते, की मार खाऊन मरताना बाईनं काय बोलावं म्हणजे तिला चांगलं म्हणतात.

इथे लगेच काही जण म्हणतील, मग हे नाटकच नको. सिंधूला अभ्यासक्रमातून काढून टाका. मला तसं मुळीच वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सिंधूला शिकवायचं तर नीट शिकवा. स्वभावचित्रण म्हणजे विशेषणांची माळ नव्हे. स्थळाच्या माहितीपत्रकात आपण ‘सुस्वभावी, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष’ लिहितो. त्यावरून ती मुलगी कशी आहे हे कुणाला तरी कळतं का? मग नाटकातल्या बाईबद्दल ‘सोशिक, त्यागी, पतिव्रता’ लिहून काय कळणार?

पुढच्या वर्षी मी एक साधा नियम केला. पहिले दोन तास विशेषण वापरायचं नाही. ‘सोशिक’ म्हटलं की पुन्हा सुरुवात! फळ्यावर चार रकाने पाडले. पहिला : सिंधू काय करते. दुसरा : ती स्वतः काय बोलते. तिसरा : तिच्याबद्दल कोण काय बोलतं, आणि तसं बोलण्यात त्याचा काय फायदा. चौथा : त्या वेळी तिच्यापुढे दुसरा कुठला रस्ता होता. प्रत्येक रकान्यात लिहायचं ते पुस्तकातलं पान दाखवून. मनाचं काही नको.

सुरुवातीला पोरांना काही सुचेना. आमच्याकडच्या मुलांना नाटक म्हणजे गॅदरिंगचं किंवा जत्रेतला वग एवढंच ठाऊक. शंभर वर्षांपूर्वीची भाषा वाचताना जीभ अडखळायची. पण एकदा का वाचायला लागली, की पहिला रकाना भरताना गंमत झाली. तो संपेचना!

सिंधू माहेरची मदत घ्यायचं नाकारते. दळणं धरते. न्यायला आलेल्या भावाला परत पाठवते. फौजदारापुढे खोटं बोलते. एक पोरगं म्हणालं, ‘‘मॅडम, ही सोसती कुठं? ही तर सारखी काहीतरी ठरवतीच हाये.’’

मला ते ऐकून काटा आला. इतकी वर्षं शिकवून माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. सोसणं म्हणजे नुसतं पडून राहणं. सिंधू पडून राहत नाही. ती निर्णय घेते, एकामागून एक, आणि घेतल्यावर मागे फिरत नाही. श्रीमंताच्या लेकीनं जात्याला हात घालणं ही साधी गोष्ट आहे का? त्याला कष्टाची ताकद लागते आणि मनाची त्याहून जास्त लागते. सिंधू मानी आहे. सुधाकरइतकीच मानी! तो मान दुखावला म्हणून दारूकडे वळला. ती मान राखायचा म्हणून जात्याकडे वळली. एका घरातली दोन मानी माणसं. आणि आपण एकाला ‘मानी’ म्हणतो, दुसरीला ‘सोशिक’. बघा, शब्द कसे फसवतात ते.

मग नाटकातलं खरं दुःख कुठे आहे तेही मुलांना दिसलं. बाई दुबळी होती म्हणून मेली, असं ते नाही. एवढ्या खंबीर बाईनं आपली सगळी ताकद एकाच ठिकाणी लावली, नवऱ्याला सांभाळण्यात. बाळाला सांभाळायलाही ती ताकद उरली नाही.

तिसऱ्या रकान्यात तर मजाच. सिंधूला देवी कोण कोण म्हणतं, याची यादी मुलींनी केली. आणि मग एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘देवी म्हटलं की कुणाला काय करावं लागत नाही, नाही का मॅडम?’’ खरंच की! देवीला नमस्कार केला की झालं. तिला कुणी दवाखान्यात नेत नाही.

त्या रकान्यात मी आणखी एक ओळ घातली. सिंधू लिहिली एका पुरुषानं, रंगमंचावर उभी केली एका पुरुषानं, कारण त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत. बालगंधर्वांच्या कलेला माझा साष्टांग नमस्कार. पण बायकांना आदर्श म्हणून दाखवलेल्या त्या बाईत बाईचा हात किती, हा प्रश्न मुलींनी विचारायला काय हरकत आहे? तसा गडकऱ्यांनाही सिंधूचा मोह पडलेला दिसतो. तिला त्यांनी फार गोड भाषा दिली आहे. तरी एक गोष्ट विसरू नका. हे नाटक त्यांनी दारूविरुद्ध लिहिलं. ‘सिंधूसारखं वागा म्हणजे सगळं ठीक होईल’ असं ते नाटकात कुठे म्हणत नाहीत. सगळं ठीक होतच नाही. सिंधू मरते, बाळ मरतं आणि जिला वाचवायला ती खोटं बोलली तो सुधाकरही विष घेऊन मरतो. खोट्या साक्षीनं वाचलं कोण? कुणीच नाही. हे गडकऱ्यांनीच दाखवलंय, फक्त आम्ही शिक्षक तिथपर्यंत न पोचता ‘पतिव्रता’ला थांबतो.

आणि गीता! तळीरामाची बायको. तिलाही दारुडा नवरा. ती तोंड मिटून बसत नाही. नवऱ्याला काय वाटेल ते बोलते, लोकांत बोलते आणि सिंधूच्या पाठीशी उभीही राहते. म्हणजे एकाच नाटकात, एकाच दारूनं उद्ध्वस्त झालेल्या दोन बायका. एकीच्या नावावर प्रश्न दहा मार्कांचा. दुसरी आली तर ‘टीपा लिहा’मध्ये, तीही ‘विनोदी पात्र’ म्हणून. मी वर्गात विचारलं, ‘‘तुमच्या गावात सिंधू जास्त आहेत की गीता?’’ वर्ग खो खो हसला. पण त्यानंतरचा अर्धा तास मुली बोलत होत्या आणि मुलं ऐकत होती. उसाचं बिल आलं की कुठल्या घरात काय होतं, हे आमच्या भागातल्या मुलींना नाटकात वाचायची गरज नाही.

आता दुसरी बाजूही सांगते. हे रकाने भरायला लागल्यावर काही मुलींनी उलटं टोक गाठलं. ‘‘सिंधू मूर्ख आहे. सरळ निघून जायचं ना.’’ ‘सोशिक’ पुसून ‘मूर्ख’ लिहिलं, म्हणजे पुन्हा एक विशेषणच. तेव्हा चौथा रकाना कामी आला.

१९१९ ची बाई कुठे जाणार होती? हिंदू स्त्रीला घटस्फोट मागता येईल असा देशभराचा कायदा १९५५ साली आला. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा देणारा कायदा १९५६ चा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. माहेरी जायचं म्हणजे भावाच्या दारात जायचं, हक्कानं नव्हे, उपकारानं. पद्माकर चांगला भाऊ आहे. पण भाऊ चांगला असणं हा नशिबाचा भाग झाला. हे कळलं की सिंधूचा नकार वेगळा दिसायला लागतो. तिला मूर्ख म्हणण्याआधी तिच्या पायाखालची जमीन बघावी लागते. आणि तिला देवी म्हणण्याआधीही!

म्हणजे समजून घेणं वेगळं आणि गोडवे गाणं वेगळं. सिंधू तशी का वागली हे मला कळतं. म्हणून तू तशी वाग, असं मी म्हणत नाही. हा फरक पोरींना एकदा कळला की मग कुठलंही नाटक, कुठलंही पुराण त्यांच्या हाती द्यायला भीती नाही.

आता त्या स्टोव्हबद्दल. मरणाऱ्या माणसाची जबानी कोर्टात फार मोलाची मानतात. मरताना माणूस खोटं बोलत नाही, असा त्यामागचा विचार. आणि आपल्याकडे भाजलेल्या किती बायकांनी तेव्हाच खोटं सांगितलं! स्टोव्हचा भडका उडाला. पदर पेटला. आता घरोघरी गॅस आलाय, स्टोव्ह गेले, तरी वाक्यं गेली नाहीत. बाथरूममध्ये घसरून पडले. दाराची कड लागली. शेजारीण विचारते, ही सांगते, दोघींना माहीत असतं. २०१९ ते २१ मध्ये देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की हिंसा सोसलेल्या दर १०० बायकांपैकी ७७ जणींनी मदत मागितली नव्हती, इतकंच काय, कुणाजवळ तोंडही उघडलं नव्हतं. सत्त्याहत्तर! या बायकांना आपण काय म्हणणार? सोशिकच ना?

बरं, आता सिंधूसारखी परिस्थितीही राहिलेली नाही. सासरच्या छळाविरुद्ध फौजदारी कलम १९८३ पासून आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला, ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही, संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ नंबरवर फोन करता येतो. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं, तर दारूचं दुकान बंद करता येतं, तसा आदेश महाराष्ट्रात २००८ साली निघाला. सिंधूपाशी यातलं एकही नव्हतं. आपल्यापाशी आहे. पण कायदा कपाटात असतो आणि सिंधू डोक्यात असते. तिला डोक्यात कुणी बसवलं? थोडं आम्ही, दहा-दहा मार्कांनी.

माझ्या एका सहकाऱ्यांना हे सगळं पटलं नाही. म्हणाले, ‘‘मॅडम, साहित्याचा तास आहे की महिला मंडळाची मीटिंग? मुलांना रस घेऊ द्या. नाटकाचं सौंदर्य मारू नका.’’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नाटक म्हणजे तक्रार-अर्ज नव्हे. पण मी अनुभवानं सांगते, या रकान्यांनी मुलांचा रस कमी झाला नाही, वाढला. ज्यांनी कधी पुस्तक उघडलं नव्हतं ती पोरं पान नंबर सांगून भांडायला लागली. ‘सोशिक’ लिहायला नाटक वाचावं लागत नाही, नोट्स पुरतात. ‘मानी’ लिहायला मात्र ते वाचावं लागतं. आता सांगा, सौंदर्य कशानं मारलं जातं?

दुसरी अडचण जास्त खरी होती. मार्कांची. पेपर बाहेर तपासायला जातात. आमच्या वर्गातल्या दोघी-तिघींनी स्वतःच्या मनानं उत्तर लिहिलं आणि त्यांना अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले. एकीचे वडील मला भेटायला आले. रागावले नव्हते, पण म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं बरोबर असंल, पण पोरीला पुढं डी.एड. करायचंय. टक्के लागत्यात.’’ काय उत्तर देणार? त्यानंतर मी मुलांना एक तडजोड सांगितली. उत्तराच्या सुरुवातीला परीक्षकाला हवं ते एक वाक्य लिहा, मग ‘परंतु’ लिहा आणि त्यापुढे तुम्हाला दिसलेली सिंधू लिहा. शूर तडजोड नव्हती ती. पण त्या ‘परंतु’नंतरच्या ओळी वाचायला मला आयुष्यभर आवडल्या.

परीक्षकांना आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘स्वभावचित्रण करा’ हा प्रश्न बदला. ‘सिंधू माहेरी का जात नाही, ते नाटकाच्या आधारे लिहा’ असं विचारा. ‘सिंधू आणि गीता यांची तुलना करा’ असं विचारा. ‘सिंधूची शेवटची साक्ष तुम्हाला पटते का? का?’ असं विचारा. आणि ‘पटते’ म्हणणाऱ्याला आणि ‘पटत नाही’ म्हणणाऱ्याला, दोघांनाही पुराव्यावर मार्क द्या.

आणि मैत्रिणींनो, तुम्हालाही एक सांगणं आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे शिकवतो? शिकवता ना! ही बारामती मोरोपंतांची. पंतांनी इथे बसून अख्खं महाभारत आर्यांत आणलं. कीर्तनं, पारायणं आपल्याकडे अजून होतात. सीता, तारामती, द्रौपदी आपल्याला नाटकाच्याही आधी आजीच्या मांडीवर भेटतात. आणि आता रोज संध्याकाळी टीव्हीवर मालिकेतली सून भेटते. सगळं घर जेवता जेवता तिला बघतं. ती रडते, सोसते आणि शेवटी सासू म्हणते, ‘पोर गुणाची आहे हो.’ तेव्हा शेजारी बसलेल्या आपल्या मुलीला, आणि मुलालाही, एवढंच विचारा : ती काय करतेय? ती स्वतः काय म्हणतेय? तिला गुणाची कोण म्हणतंय, आणि त्यात त्याचा काय फायदा? तिच्यापुढे दुसरं काय होतं? चार प्रश्न. याला मराठीची एम.ए. लागत नाही. मालिका बंद करायचीही गरज नाही.

मुलाला विचारायला विसरू नका. माझ्या वर्गातलं सगळ्यात चांगलं वाक्य एका मुलाचं होतं. तो म्हणाला, ‘‘सिंधूनं सुधाकरचं सगळं झाकलं, म्हणून त्याला स्वतःचं काहीच दिसलं नाही. दिसलं तेव्हा विष घ्यायचीच वेळ आली.’’ त्या पोराच्या घरी काय होतं, मी विचारलं नाही. पण ते वाक्य नोट्समधलं नव्हतं.

आता राहिली ती मागच्या बाकावरची मुलगी. बी.ए. झाल्यावर तिचं लग्न झालं एवढं कळलं होतं. पुढे संपर्क राहिला नाही. आता तिची मुलं शाळेत असतील. ही पुरवणी तिच्या घरी येत असेल तर तिला एवढंच सांगायचंय.

बाई गं, तुझा प्रश्न बरोबर होता. मी ‘बस खाली’ म्हणायला नको होतं. तुझ्या मावशीबद्दल विचारायला हवं होतं, आणि त्या दिवसाचा पोर्शन राहिला असता तरी चाललं असतं. पेपरात तू माझं वाक्य लिहिलंस, त्याला मी आठ मार्क दिले. ते आठ मार्क तुझे नव्हते, माझे होते. तू वर्गात उभं राहून विचारलंस ना, ते उत्तर दहाचं होतं.

आणि तुझ्या मुलीनं कधी असंच काही विचारलं, तर तिला खाली बसवू नकोस.